लोहाराचा भाता आणि सायकलीचे डोके

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, तहनामे येतात, घोड्यावर बसलेला एखादा सरदार येतो. इतिहासाच्या प्राध्यापकाने सायकलीच्या एका नळीवर बोलावयास बसावे, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. ज्या खेड्यात एकही किल्ला नाही आणि ज्याचे नाव एकाही बखरीत नाही, त्या खेड्यातही सायकल येऊन गेलेली आहे. आणि ती आली कशी, टिकली कशी, हे शोधू लागले म्हणजे त्या खेड्याचा शंभर वर्षांचा इतिहास हाती लागतो.

नळी कोणती ते आधी सांगतो. सायकलीच्या सांगाड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, अगदी पुढे एक आखूड उभी नळी असते. आडवा दांडा आणि खालचा तिरपा दांडा असे दोन्ही तिला येऊन मिळतात. वीतभराहूनही लांबीने कमी, जाडीला सव्वा इंचाच्या आसपास. कंपनीचा बिल्ला बहुधा हिच्यावरच ठोकलेला असतो. दुकानदार मिस्त्री हिला नुसते 'हेड' म्हणतात. हेड म्हणजे डोके. नाव अगदी योग्य आहे, कारण सायकलीला दिशा कळते ती इथेच. हँडलाचा दांडा वरून आत उतरतो, पुढच्या चाकाचा चिमटा खालून आत शिरतो, आणि दोघे मिळून या नळीच्या पोटात फिरतात. नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक पोलादी वाटी ठोकून बसविलेली असते. ती म्हणजे कप. कपात बारीक छर्रे, छर्‍यांना टेकून कोन, आणि सगळ्यांवर एक चेकनट. एवढासा सरंजाम, पण बसणार्‍याचे वजन, मागच्या कॅरिअरवरचे पोते आणि रस्त्यातला प्रत्येक दगड यांचा हिशेब शेवटी इथेच चुकता होतो.

सायकलीला हे डोके फुटायला बराच काळ लागला. आरंभीच्या उंच चाकाच्या सायकली तुम्ही चित्रात पाहिल्या असतील: पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे, मागचे बशीएवढे, आणि स्वार त्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर बसलेला. पडला तर तोंडावरच पडावयाचा. इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्लीने १८८५ साली दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, मागच्या चाकाला साखळीने ओढणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. पुढच्या काही वर्षांतच आज आपण पाहतो ती चौकटीची फ्रेम स्थिर झाली. बारीक छर्‍यांवर चाक फिरविण्याची युक्ती त्याआधीची. ज्यूल सुरिरे नावाच्या पॅरिसच्या कारागिराने १८६९ साली तिचे हक्क घेतले होते. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचा टायर केला. एवढे सगळे जमून आल्यावर सायकल ही श्रीमंत तरुणांची कसरत न राहता कामावर जाणार्‍या माणसाचे वाहन झाली.

आणि नेमक्या त्याच साली, म्हणजे १८८८ मध्ये, आपल्या मराठी मुलखाच्या दक्षिण टोकाला, बेळगावात, सायकलीचे एक दुकान निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा यांचे ते दुकान. लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकावयास गेले होते. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईहून त्यांनी सायकली पाठवाव्यात आणि बेळगावात रामुअण्णांनी त्या विकाव्यात, असा हा व्यवहार. त्या काळी सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात मुळीच नव्हती. घेणारे म्हणजे अधिकारी, वकील, संस्थानिक. पण सायकल विकली की ती मोडते, आणि मोडली की विकणार्‍याच्या दारी परत येते. पुढे लक्ष्मणराव मुंबईची नोकरी सोडून बेळगावास आले. दुकानात विक्रीबरोबर दुरुस्ती होती. दुरुस्तीतून हत्यारे आली, हत्यारांतून लेथ आणि कडबाकापणीची यंत्रे, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

यात मला जे महत्त्वाचे वाटते ते असे. अमेरिकेतल्या डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ साली सायकलींचे दुकान काढले आणि अकरा वर्षांनी, १९०३ मध्येच, विमान उडविले. आमच्याकडे त्याच १९०३ साली सायकलवाल्यांनी नांगर केला. कोणी म्हणेल, बघा, ते आकाशात गेले आणि आपण ढेकळांतच राहिलो! मला हे बोलणे पोरकट वाटते. ज्याच्या त्याच्या मुलखाची जी निकड होती ती त्याने भागविली. दोघांनाही लोखंडाची भाषा शिकविली ती दुरुस्तीच्या बाकाने. नवी वस्तू विकणार्‍याला ती कशी दिसते एवढे कळते. मोडकी वस्तू दुरुस्त करणार्‍याला ती कुठे आणि का मोडते हे कळते.

आता खेड्याकडे वळू. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावच्या लोहाराने फाळ, कुर्‍हाड, विळा, गाडीचे लोखंडकाम करावे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यावे, अशी रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात ही व्यवस्था बारकाईने सांगितली आहे. सायकल या व्यवस्थेत कुठेच बसत नव्हती. तिच्यासाठी बलुते ठरलेले नव्हते. शाळामास्तरांची किंवा पोस्टमनची सायकल गावात आली, तिचा चिमटा डुगडुगू लागला, तर लोहार ते काम रोख पैशाने करी. खेड्यातल्या लोखंडकामात रोकड शिरली, तिच्या वाटांपैकी ही एक वाट होय. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे सायकलीच्या दुकानावर कुणा एका जातीचा वंशपरंपरेचा हक्क नव्हता. लोहार, तांबट, सुतार, मुसलमान पिंजार्‍याचा मुलगा, सातवी नापास झालेला पाटलाचा पोरगा, ज्याला पाना धरता आला तो मिस्त्री. बाजारगावाच्या नाक्यावर एक टपरी, पुढे पाण्याची घमेली, झाडाला टांगलेले जुने टायर. तालुक्यातालुक्यांत हे चित्र उभे राहिले, आणि यात जात विचारली गेली नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे.

स्वातंत्र्यानंतर सायकल देशात होऊ लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होताच. मद्रासेजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियानात हीरो. यांतले बरेच आता राहिले नाही. हिंद सायकल आणि सेन-रॅले आजारी पडले आणि १९८० साली सरकारने ताब्यात घेतले, तरी टिकले नाहीत. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली नेमका जागतिक सायकल दिनी बंद झाला. पण १९५० ते १९८० या काळात काळी, दणकट, बावीस इंची फ्रेमची सायकल महाराष्ट्राच्या खेड्यांत घरोघर पोचली. इतकी पोचली की १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने सायकलीवर कर बसविण्याची मुभा ग्रामपंचायतींना दिली. जुन्या मंडळींना तो पत्र्याचा बिल्ला आठवत असेल, आणि बिल्ला चुकविण्यासाठी आडवाटेने जाणेही!

सायकल पोचली, पण रस्ता पोचला होता का? इथे आपल्या नळीची खरी गोष्ट सुरू होते.

इंग्लंडात ही सायकल ज्या रस्त्यांसाठी घडविली गेली ते रस्ते बरेचसे दाबलेले, सपाट. आमच्याकडे गाडीवाट. पावसाळ्यात चाकोरी पडते, उन्हाळ्यात ती वाळून दगडासारखी होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ साली देशाच्या रस्त्यांविषयी अहवाल दिला. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने वीस वर्षांची योजना आखली. शेतीत पुढारलेल्या भागातले कुठलेही खेडे मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावे, हे तिचे एक उद्दिष्ट. उद्दिष्ट चांगलेच होते. पण ते पाच मैल कुणी तुडवावयाचे? सायकलनेच ना? पुढे १९७२ च्या दुष्काळात हजारो बायाबापड्यांनी खडी फोडली आणि मैलोगणती रस्ते झाले. त्यांतल्या कितीकांवर डांबर पडायला वर्षे गेली. तोवर सुटी खडी आणि तिच्यावरून धडधडत जाणारी सायकल. मागे दुधाचे दोन कॅन, नाहीतर कॅरिअरवर बायको आणि पुढे दांड्यावर पोर.

प्रत्येक दगडाचा ठोसा पुढच्या चाकाला बसतो, चाकाकडून चिमट्याला, आणि चिमटा म्हणजे एक लांब पहारच समजा. पहारेने दगड उलथतो तसा तो चिमटा डोक्याच्या नळीचे खालचे तोंड उलथू पाहतो. चेकनट घट्ट असेल, छर्रे पुरते असतील, तर हा ठोसा सगळ्या वाटीभर वाटला जातो. चेकनट ढिला झाला की मग तो वाटला जात नाही. एकाच बाजूला हातोड्यासारखा पडतो. दिवसातून हजारदा. आधी वाटीत छर्‍यांच्या खुणा उमटतात. त्या खोल झाल्या की हँडल सरळ रेषेत आले की तिथे अडकते, वळविताना गचका बसतो. तरीही स्वार तसाच चालवितो, कारण कापूस वेचणी चालू आहे, किंवा बाजाराचा दिवस आहे. मग वाटीच नळीच्या तोंडात हलू लागते, आणि नळीचे गोल तोंड हळूहळू अंड्यासारखे लांबट होते, कधी कर्ण्यासारखे बाहेर उमलते. एकदा तोंड लांबट झाले की नव्या वाटीनेही काम भागत नाही. नवी वाटी बसते आणि आठ दिवसांत पुन्हा हलते.

साहेबाच्या पुस्तकात यावर उपाय सोपा आहे: फ्रेम बदला. पण आमच्याकडे फ्रेम बदलणे म्हणजे निम्मी सायकल घेणे. म्हणून आमच्या मिस्त्रींनी आणि लोहारांनी आपापल्या पद्धती बसविल्या. त्या कुठल्या अभ्यासक्रमात नाहीत, म्हणून थोड्या सविस्तर सांगतो.

सर्वांत हलका उपाय पॅकिंगचा. डालड्याच्या किंवा रॉकेलच्या डब्याचा पातळ पत्रा कापून त्याची पट्टी वाटीभोवती गुंडाळायची आणि वाटी ठोकून बसवायची. पट्टीची दोन टोके एकमेकांवर येता कामा नयेत, नाहीतर वाटी तिरकी बसते. कोणी नळीच्या आतल्या अंगाला टोच्याने टोचे मारून खरबरीत करतात. हे दोन्ही उपाय वेळ मारून नेण्याचे. हंगाम निघतो, एवढेच.

तोंड उमलले असेल तर ते परत गोल करावे लागते. त्यासाठी हँडल, चिमटा, कप, सगळे उतरवून फ्रेम मोकळी करायची. नळीच्या आतल्या मापाची एक गोल, गुळगुळीत सळई आत घालायची, आणि बाहेरून हलक्या हाताने, नळी थोडी थोडी फिरवीत, चहूबाजूंनी ठोकत जायचे. एका ठिकाणी जोराने मारले की तिथे खड्डा आणि शेजारी उंचवटा. नळीची भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची असते. गावात पितळी भांड्याची पोक काढणारा तांबट हे काम लोहारापेक्षाही सफाईने करतो, असे मी मिस्त्रींच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते मला पटतेही. लोहाराचा हात जाड लोखंडाला सरावलेला, तांबटाचा पत्र्याला.

नळी आतून झिजून सैल झाली असेल तर ठोकून काय होणार? माल कमी झाला आहे, तो भरला पाहिजे. तेथे पितळेचा डाग देतात. तोंड कानशीने घासून चकचकीत करायचे, टाकणखार लावायचा, भट्टीत लाल-नारिंगी करायचे आणि पितळेची तार टेकवायची. पितळ साधारण नऊशे अंशांना वितळते, पोलाद त्याहून कितीतरी वर; म्हणून पितळ पाण्यासारखे पसरते आणि नळी शाबूत राहते. टाकणखार कशाला? तापलेल्या लोखंडावर जळाची साय धरते आणि सायीवर पितळ चिकटत नाही. टाकणखार ती साय खाऊन टाकतो. इथे भात्यावरच्या माणसाची कसोटी लागते. वारा जास्त झाला तर पोलादातून ठिणग्या उडू लागतात. ठिणगी उडाली म्हणजे पोलाद जळले, ते पुन्हा चांगले होत नाही. आणि पितळ भरल्यावर घाईने पाणी ओतावयाचे नाही. ते आपोआप निवले पाहिजे. मग आतून अर्धगोल कानशीने किंवा रीमरने वाटीच्या मापाचे तोंड करायचे, ते असे की वाटी हाताने आत जाऊ नये, लाकडी मोगरीच्या ठोक्यांनी जावी.

आणि तोंड चिरलेच असेल तर? इथे आमच्या लोहाराने जे केले त्याला मी खरी प्रतिभा म्हणेन. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवितात ते आपण पाहिले आहे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, शेणीच्या जाळात लाल करतात, फुगली की चाकावर घालतात आणि पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, धाव आवळते, आणि तुंबा, आरे, पाटे एकजीव होतात. हाच न्याय सायकलीच्या नळीला. चिरलेल्या तोंडाच्या बाहेरून एक लहान पोलादी कडे तापवून चढवायचे. निवताना ते चिरेला आवळून धरते, आणि कडेने पितळेचा डाग दिला की काम पक्के. बाहेर नळीवर असे कडे घातलेली सायकल तुम्हांला कुठे दिसली, तर समजा, गाडीच्या चाकाची विद्या तिथे सायकलीत उतरलेली आहे.

सर्वांत कठीण काम नळीच बदलण्याचे. फ्रेमचे सांधे ज्या कड्यांत बसविलेले असतात तेही पितळेनेच झाळलेले असतात, म्हणून तापवून जुनी नळी काढता येते आणि नवी घालता येते. पण तापलेली फ्रेम थोडीही वाकली की पुढचे चाक एका दिशेला आणि मागचे दुसर्‍या. याची तपासणी गवंड्याच्या दोरीने होते. मागच्या चाकाच्या एका बेचक्यातून दोरी निघते, पुढे डोक्याला वळसा घेऊन दुसर्‍या बेचक्यात परत येते. मग बैठकीखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर मोजायचे. दोन्हीकडे सारखे, तर फ्रेम सरळ. अर्ध्या सुताचा फरक चांगल्या मिस्त्रीच्या डोळ्याला दोरीविनाच दिसतो.

चांगल्या मिस्त्रीची आणखी एक खूण म्हणजे तो नाही म्हणतो. समोरून धडक बसून डोक्यामागे खालच्या तिरप्या दांड्यावर रंगाला सुरकुत्या पडल्या असतील, पोटाकडून केसाएवढी चीर दिसत असेल, तर तो फ्रेम हातात घेत नाही. अशी चीर उतारावर एकदम उघडते, आणि स्वाराचे पुढचे दात जातात, कधी जीवही.

हे सारे शिकविले कोणी? परदेशी कंपनीने नाही, सरकारनेही नाही. नांगर, मोट, गाडी, तांब्याचा हंडा यांची जी विद्या गावात होती तीच इथे उपयोगी पडली. वस्तू परकी होती, दुरुस्ती देशी होती. माझे मत असे की, सायकल आपली झाली ती लुधियानात कारखाना निघाला त्या दिवशी नव्हे. आपल्या लोहाराने तिच्या डोक्यावर कडे चढविले त्या दिवशी झाली.

पण या विद्येलाही हद्द होती, आणि ती हद्द आमच्या खानदेशात नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. बर्‍हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने तळोद्यावरून अक्कलकुव्यास या. इथवर सायकल आहे, सायकलीचे दुकान आहे. तेथून उत्तरेला सातपुडा चढू लागला की सायकल मागे पडते. डोंगर ओलांडून नर्मदेच्या काठाशी उतरले की मणिबेली. विधानसभेच्या यादीत अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ, आणि निवडणुका आल्या की राज्याचे पहिले मतदान केंद्र म्हणून मणिबेलीचे नाव वर्तमानपत्रांत येते. तेथे मतपेट्या होडीने नेल्या गेल्या आहेत. वर्षानुवर्षे तिथली वाहने दोन: आपले पाय आणि नर्मदेवरची नाव. घरे एका आळीत नाहीत. एक या टेकडीवर, दुसरे त्या. चढ-उतार पायाने मोजणार्‍या या गावाला सायकलीची गरजच नव्हती. ज्यांनी सायकल पाहिली नाही ते मागासलेले, असे शहरातला माणूस चटकन म्हणतो. होडी दुरुस्त करणारा माणूस मागासलेला कसा, हे मला कळत नाही.

मग धरण आले. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातले जे पहिले गाव गाठले ते मणिबेली. तेथे सत्याग्रह झाले, १९९३ च्या पावसाळ्यात पाणी घरांपर्यंत आले. त्याआधी, १९९२ साली, जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने या प्रकल्पावर कडक अहवाल दिला होता, आणि १९९३ साली बँकेचे उरलेले कर्ज घ्यावयाचे नाही असे भारत सरकारने ठरविले. १९९४ साली देशोदेशींच्या संस्थांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणे थांबवावे असे जाहीर आवाहन केले, त्याला नावच 'मणिबेली जाहीरनामा' असे दिले गेले. ज्या गावाला सायकलीचा रस्ता नव्हता त्याचे नाव असे जगभर गेले.

इथली काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथे वसविली गेली; महाराष्ट्रातल्या विस्थापितांसाठी तळोद्याच्या बाजूला सपाटीवर वसाहती झाल्या. डोंगरातून सपाटीवर येणे म्हणजे नुसते घर बदलणे नव्हे, अंतराची मापेच बदलणे. नदी जवळ होती ती लांब गेली. बाजार, दवाखाना, हायस्कूल, ग्रामसेवकाची कचेरी हे सगळे आता रस्त्याने गाठावयाचे झाले, आणि बसभाड्याला रोकड पाहिजे. अशा ठिकाणी सायकल ही चैन राहत नाही. आणि सायकल आली की पाठोपाठ तिचे डोकेही डुगडुगणार. नाव मोडली तर लाकूड जंगलात होते आणि हात घरात होते. सायकल मोडली तर कप, छर्रे, टाकणखार, भट्टी, हे सगळे पाच-सात कोसांवरच्या बाजारगावी, आणि तेही पैसे मोजून. विस्थापनाचा हिशेब मांडणार्‍यांनी जमिनीचे एकर मोजले, झाडे मोजली, कौले मोजली; दुरुस्त करता येण्याची जी स्वतंत्रता त्या माणसांच्या हातून गेली, तिला कुठल्या रकान्यात जागा होती असे मला दिसत नाही.

आता शिक्षकबंधू आणि भगिनींसाठी थोडे. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकली मिळतात. योजना उत्तम आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या आणि त्यांचे घराबाहेरचे जगच बदलले, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडेही सायकलीवरून शाळेत येणारी मुलगी पाहिली की मन प्रसन्न होते. पण पुष्कळ गावांत नाक्यावरची ती टपरी आता मोटारसायकलींची झाली आहे. जुन्या मिस्त्रीचा मुलगा फटफटीचे इंजिन खोलतो. त्यात पैसा अधिक, त्याला दोष कसा द्यावा? लोहाराचा भाता तर केव्हाच थंडावला. मुलीची सायकल एका वर्षात डुगडुगू लागते, दुसर्‍या वर्षी गोठ्याच्या भिंतीला टेकते, आणि तिच्यावर वैरण वाळू लागते. नववीतली मुलगी पुन्हा पायी, आणि अंतर फार असेल तर घरीच.

हे टाळण्याला भट्टी लागत नाही, कारण डोक्याची नळी खराब होण्याआधी कितीतरी दिवस ती आवाज देते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकली ओळीने उभ्या करा. पुढचा ब्रेक आवळून धरा आणि सायकल मागेपुढे ढकला. दुसर्‍या हाताची बोटे डोक्याच्या खालच्या कपावर ठेवा. बोटांना खटखट लागली तर कप-कोन ढिले आहेत. मग पुढचे चाक उचलून हँडल सोडून द्या. ते दोन्ही बाजूंना आपल्याच वजनाने सहज पडले पाहिजे. मध्येच अडकले तर वाटीत खाचा पडल्या, कप बदलावे लागतील. नुसते ढिले असेल तर चेकनट सोडा, खालचा कप-नट हाताने बसेल तितका बसवून पाव फेरा मागे घ्या, आणि तो तसाच धरून चेकनट पान्याने आवळा. एक मोठा पाना आणि ग्रीसची एक डबी शाळेच्या कपाटात असली म्हणजे पुरे. आठवीच्या मुलीला हे एकदा दाखविले की दुसर्‍यांदा ती स्वतः करते. आणि कपच नळीत हलताना दिसला, तर त्या दिवशी तिला सायकल हातात धरून घरी जावयास सांगा, आणि बाजाराच्या दिवशी ती सायकल मिस्त्रीकडे जाईल अशी व्यवस्था करा.